ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलची अवयवदान सेवा: आमच्या घरचा अनुभव

हॉस्पिटलचे रिव्ह्यू आपण वाचतो ते पार्किंग मिळतं का, ओपीडीत किती ताटकळावं लागतं, मेडिक्लेमच्या डेस्कवरची माणसं कशी बोलतात यावर असतात. आयसीयूच्या बाहेर अवयवदानाबद्दल बोलायला जी माणसं येतात त्यांच्यावर कोणी काही लिहिलेलं मला कुठेच सापडलं नाही, आणि ते साहजिक आहे, ज्या घरात हे घडतं त्या घरात नंतर कोणाला स्टार द्यायचं सुचतंय. पण ताईच म्हणाली लिही, कोणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही कारण चांगलं आणि वाईट दोन्ही लिहायचंय आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये.

मागच्या पावसाळ्यात माझ्या ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, ऑफिसमधून घरी येताना घोडबंदर रोडवर बाइकवरून पडले. डोक्याला मार. ऑपरेशन झालं, पण नंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत, आणि एका सकाळी राउंडनंतर डॉक्टरांचे चेहरे बघूनच आम्हाला कळलं की काहीतरी संपलंय.

आधी वाईट सांगते. एक ज्युनियर डॉक्टर लिफ्टसमोर ताईला गाठून म्हणाला, "पेशंट ब्रेन डेड असण्याची शक्यता आहे, तुम्ही ऑर्गन डोनेशनचा विचार केलाय का?" एका दमात. माणूस गेला हे सांगणं आणि त्याचे अवयव द्याल का हे विचारणं, दोन्ही एकाच वाक्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, स्ट्रेचर बाजूने जातंय आणि हा विचारतोय. ताईला पहिलं अर्धं वाक्य ऐकूच गेलं नाही. तिला वाटलं किडन्या हव्यात म्हणून यांनी ट्रीटमेंट थांबवलीय. ती किंचाळली. माझ्या आईने त्या मुलाचा ॲप्रन धरला. तेव्हा कोणी कागद पुढे केला असता तर आमच्याकडून ठाम नाहीच गेलं असतं आणि ते नाही कायमचं राहिलं असतं. मला आता खात्रीने वाटतं की आपल्याकडे बरीच घरं नाही म्हणतात ती धर्मामुळे वगैरे नाही, ती अशाच एका वाक्यामुळे म्हणतात.

विचारणं चूक नाहीये हे मला माहितीये. 1994 चा जो अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे त्यात 2011 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार आयसीयूतल्या डॉक्टरांनी कोऑर्डिनेटरला, म्हणजे घरच्यांशी बोलून अवयवदानाचं सगळं जुळवून आणणाऱ्या माणसाला, सोबत घेऊन नातेवाइकांना विचारायचंच असतं, आणि हॉस्पिटलला रजिस्ट्रेशन हवं असेल तर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर नेमावाच लागतो. म्हणजे विचारायला हवंच, पण कोणी, कधी, कुठे बसून विचारायचं, त्यावर सगळं आहे.

त्या दुपारी कोऑर्डिनेटर मॅडम आल्या. या सर्व्हिसला मी जे काही मार्क देतेय ते त्यांचे आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी अवयव हा शब्दसुद्धा काढला नाही. कोण कोण आलंय, मुलं कोणाकडे आहेत, ताईने काही खाल्लंय का, गावाहून कोणी यायचंय का एवढंच विचारलं. यायचे होते, दाजींचे थोरले काका, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ते वाईहून निघाले होते. मॅडम म्हणाल्या, त्यांना येऊ दे, मग बोलू.

अण्णा आले, आत जाऊन पुतण्याला बघून आले आणि त्यांचा पहिला प्रश्न, "आवो बाई, छाती हलतीया, आंग गरम हाय, त्या डब्यावर ठोके दिसत्यात, आन् तुमी म्हनताय गेला?" हा प्रश्न आमच्या सगळ्यांचाच होता, विचारायची हिंमत त्यांनी केली. मॅडमनी घाई केली नाही. त्यांनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. हृदयाला स्वतःचा करंट असतो, त्याला ऑक्सिजन मिळत राहिला तर मेंदू नसतानाही ते काही काळ चालतं, आणि तो ऑक्सिजन मशीन ढकलतंय. छाती मशीनमुळे हलतेय. श्वास घ्यायचा हुकूम देणारा भाग मेंदूच्या बुंध्यात असतो, तो मेला की माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही, आणि तो भाग परत जिवंत होत नाही. कोमा वेगळा, कोमात मेंदूचा बुंधा जिवंत असतो, त्यामुळे कोमातला माणूस परत येऊ शकतो. हे तपासायला चार डॉक्टर असतात, त्यातला कोणीही ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीमचा नसतो. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान 6 तास जावे लागतात. त्यातली एक ॲप्निया टेस्ट, त्यात व्हेंटिलेटर काढतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि बघतात की शरीर स्वतःहून श्वास ओढायचा प्रयत्न तरी करतंय का.

मग त्या म्हणाल्या की घरातल्या एकाला ही टेस्ट काचेतून बघायची असेल तर डॉक्टर हो म्हणालेत. अण्णा उभे राहिले. बाहेर आले तेव्हा कोणाशी बोलले नाहीत, खुर्चीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढंच म्हणाले, "गेलाय पोरगा." अवयव द्यायचे की नाही यावर त्यांनी कधीच हो म्हटलं नाही, अजूनही म्हटलेलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं, नवरा तिचा हाय, तिला ठरवू द्या. माझ्या मते त्या वॉर्डात झालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. मृत्यू कोणी बोलून पटवला नाही, तो त्यांना बघू दिला.

दुसरी टेस्ट झाल्यावर मॅडमनी आम्हाला रडू दिलं. बराच वेळ. मग ताईच्या शेजारी बसून त्यांनी जे विचारलं ते "तुम्ही अवयव द्याल का" असं नव्हतंच, त्यांनी विचारलं की "ते कधी याबद्दल काही बोलले होते का?" आणि ताईला आठवलं. दाजींनी लायसन्स रिन्यू केलं तेव्हा फॉर्ममधला ऑर्गन डोनरचा रकाना भरून आणून तिला दाखवला होता आणि ती त्यांच्यावर चिडली होती, जेवताना कसलं अभद्र बोलता म्हणून. तेवढं एक जेवणाच्या ताटावरचं भांडण, पण त्यामुळे ताईला ठरवायचं काही उरलंच नाही, त्यांनी ठरवलेलंच होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी कारण ओळखीच्या कितीतरी जणांचा गैरसमज आहे. दात्याचं कार्ड काढलं, किंवा नोट्टोच्या, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, वेबसाइटवर आधार टाकून प्रतिज्ञा केली (ही ऑनलाइन सोय सप्टेंबर 2023 पासून आहे, फुकट आहे, 18 वर्षांवरचं कोणीही करू शकतं), तरी प्रत्यक्षात वेळ आली की घरच्यांना विचारतातच आणि सही त्यांचीच लागते. जिवंतपणी प्रतिज्ञेचा फॉर्म 7, घरच्यांच्या संमतीचा फॉर्म 8. घरच्यांनी नाही म्हटलं तर तुमचं कार्ड पाकिटातच राहतं. लोक म्हणतात परदेशासारखा कायदा करा, नाही म्हटलं नसेल तर हो धरा. इंग्लंडने 2020 साली तसं केलं, स्पेनमध्ये तर तो कायदा 1979 पासून आहे, आणि स्पेन यात जगात वर्षानुवर्षं पुढे आहे. पण स्पेनमध्येही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. त्यांचा आकडा वाढला तो 1989 नंतर, जेव्हा त्यांनी हॉस्पिटलाहॉस्पिटलात शिकवून तयार केलेले कोऑर्डिनेटर बसवले. म्हणजे त्या लिफ्टसमोरच्या मुलाच्या जागी त्या मॅडम.

आता फॉर्म. फॉर्म 8 आमच्या हातात आला तो इंग्रजीत. ताई इंग्रजी वाचते, पण त्या दिवशी तिला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नव्हतं. मॅडमनी प्रत्येक ओळ मराठीत सांगितली, प्रत्येक अवयवापुढे वेगळं हो किंवा नाही करता येतं हेही सांगितलं. ताईने किडन्या, लिव्हर, हृदय आणि डोळे दिले. त्वचा नाही दिली. दाजींची आई म्हणाली, "कातडं सोलू नका माझ्या लेकराचं," आणि विषय तिथेच संपला, मॅडमनी एका शब्दाने आग्रह केला नाही, पेन पुढच्या ओळीवर नेलं. हे मला फार आवडलं.

पण नंतर मी वाचलं की त्वचा म्हणजे सोलणं नसतंच, मांड्या आणि पाठीवरून अगदी पातळ वरचा थर घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत, रक्त वाहत नाही, वरून ड्रेसिंग करून देतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. नेत्रदानासारखंच, घरी साध्या मृत्यूनंतरही 6 तासांत करता येतं, त्याला आयसीयू लागत नाही. आणि मी राहते ऐरोलीत, जिथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे, त्यांची स्किन बँक आहे, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर भाजलेली माणसं त्या त्वचेची वाट बघत असतात. एक साधं मराठी पत्रक, चार चित्रं असलेलं, त्या कॉरिडॉरमध्ये असतं तर त्या माउलीच्या डोळ्यांसमोर जे आलं ते कदाचित आलं नसतं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात रिसेप्शनवर हेल्थ चेकअप पॅकेजची चकचकीत पत्रकं चार भाषांत आहेत. हे नाही.

सही झाल्यावर खूप वेळ जातो, हे कोणीतरी आधीच सांगून ठेवायला हवं. आम्हाला वाटलं तास-दोन तासांत होईल. रक्ताच्या तपासण्या, मग ठाणे-नवी मुंबईसकट आपल्या भागाचं झेडटीसीसी, म्हणजे अवयव वाटपाचं विभागीय केंद्र, जे 2000 सालापासून शीवच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलच्या आवारातून चालतं, ते वेटिंग लिस्ट बघून कोणता अवयव कोणत्या हॉस्पिटलला हे ठरवतं, मग तिथल्या टीम निघतात. हृदय काढल्यापासून साधारण 4 तासांत बसवायला लागतं, किडनीला जास्त वेळ चालतो, म्हणून सगळ्यांच्या वेळा जुळवाव्या लागतात. दाजींचं हृदय तपासून डॉक्टरांनी नाही घेता येणार म्हणून सांगितलं, ते ऐकून ताई परत ढासळली, मी कारण समजू शकते.

या सगळ्या वेळात आम्ही लिफ्टजवळच्या लोखंडी खुर्च्यांवर होतो. म्हातारी माणसं, रडणारी बाई, आणि समोर डिस्चार्ज घेऊन हसत जाणारी कुटुंबं. एक खोली, दार लागेल अशी, पाण्याचा जग, दोन चादरी, एवढं दिलं असतं तरी पुरलं असतं. वार्डबॉयने स्वतःहून एक ब्लँकेट आणून दिलं, त्याचे आभार.

अपघात म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंद होणारी केस, म्हणजे पोलीस आणि पीएम, पोस्टमॉर्टेम. या भागाची मला सगळ्यात भीती होती आणि तोच सुरळीत झाला. जे पोलीस आले ते शांतपणे बोलले, पंचनाम्याचे कागद मॅडमनी आधीच तयार ठेवले होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पूर्वी अंधार पडला की पीएम होत नसे, नोव्हेंबर 2021 पासून केंद्राने जिथे सोय आहे तिथे रात्रीही करायला परवानगी दिलीय आणि अवयवदानाच्या केसला प्राधान्य द्यायला सांगितलंय. त्यामुळे पहाटे आम्हाला दाजी मिळाले. पोटावर ऑपरेशनसारखे टाके, वरून स्वच्छ कपडा, चेहरा जसाच्या तसा. अपुरा देह, विद्रूप देह, असं जे गावाकडून फोनवर ऐकवत होते तसं काहीही नव्हतं. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेताना नर्स, डॉक्टर, सफाईवाल्या मावश्या दोन्ही बाजूंना हात जोडून उभ्या होत्या. तमिळनाडूत 2023 पासून अवयवदात्याला शासकीय इतमामात निरोप देतात. आमच्याकडे सरकारी कोणी नव्हतं, पण त्या दोन रांगा अण्णांनी बघितल्या, आणि जवाहरबाग स्मशानभूमीत जमलेल्या प्रत्येकाला त्यांनीच ते सांगितलं.

एक प्रश्न असा आला ज्याचा कोणी विचारच करत नाही. मृत्यूची तारीख कोणती? सर्टिफिकेटवर दुसऱ्या टेस्टची वेळ, म्हणजे आदल्या दिवशीची संध्याकाळ. हृदय थांबलं ओटीत, मध्यरात्रीनंतर. मग दहावा कधी धरायचा? घरात यावरून चांगलीच वादावादी झाली. गुरुजींनी शेवटी सांगितलं डॉक्टरांनी लिहिलेला दिवस धरा, आणि धरला. पण हे कोऑर्डिनेटरनी आधीच सांगून ठेवायला हवं, आपल्याकडे ही छोटी गोष्ट नाही.

बिल. हा सगळ्यात मोठा कमी मार्क. 2014 च्या नियमांत सरळ आहे की दात्याचं शरीर अवयवांसाठी सांभाळण्याचा, ते काढण्याचा खर्च घरच्यांवर टाकायचा नाही. आमच्या बिलात संमतीच्या सहीनंतरचा व्हेंटिलेटर, औषधं, आयसीयूचा चार्ज लावलेला होता. माझ्या भावाने ओळ न ओळ वेळेसकट तपासली म्हणून सापडलं. बिलिंगवाला म्हणाला सिस्टीममधून आपोआप येतं. मॅडमना खाली बोलवावं लागलं, त्यांनी भांडून ते काढून घेतलं, पण सगळं नाही निघालं. पैशाचं एकवेळ सोडा, ज्या बाईने नवऱ्याचे अवयव दिले तिला काउंटरवर उभं राहून हिशोब करायला लावणं बरोबर नाही. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर सहीची वेळ लिहून ठेवा आणि बिल त्या वेळेपासून तपासा.

उलट बाजूही बघा. घरच्यांनी नाही म्हटलं असतं तर काय? ब्रेन स्टेम डेथची, म्हणजे मेंदूचा बुंधा मेला की माणूस मेला याची, व्याख्या आपल्याकडे आहे ती अवयवदानाच्या कायद्यात. अवयव द्यायचे नसतील तर त्याच माणसाचा व्हेंटिलेटर काढायला अनेक डॉक्टर कचरतात, आणि घरचे दिवसाचं बिल भरत बसतात. ज्याचा मेंदू मेलाय तो मेलाय, त्याने अवयव दिले काय न दिले काय, हे कायद्याने सगळ्यांना सारखं लागू केलं तर "किडनीसाठी मेला म्हणताय" हा संशयच उरणार नाही. माझं हे ठाम मत झालंय.

संशय नंतरही सुटत नाही. बाराव्याला एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, किती मिळाले? काही नाही मिळालं, मिळत नसतं, अवयव विकणं हा गुन्हा आहे, किडन्यांचा बाजार थांबवायलाच तर तो 1994 चा कायदा आला. दुसरे म्हणाले, श्रीमंतालाच लागणार ती किडनी. यादी पैशावर लागत नाही हे मी सांगितलं, पण ट्रान्सप्लांटचा आणि नंतर आयुष्यभराच्या गोळ्यांचा खर्च गरिबाला झेपत नाही हे त्यांचं म्हणणं मी खोडू शकले नाही. केईएम, शीवसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलात किडनी ट्रान्सप्लांट होतं, सरकारच्या महात्मा फुले योजनेत त्याची मर्यादा 2023 साली अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, एवढंच मी सांगू शकले.

आणि न मिळणाऱ्यांचा भार कोणावर पडतो तेही सांगते. 2023 साली देशात 18,378 ट्रान्सप्लांट झाले, आणि मृत्यूनंतर अवयव देणारे किती, तर 1,099. बाकी बहुतेक जिवंत माणसांनी दिले, त्यात बायका पुरुषांपेक्षा खूप जास्त, आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. नुसत्या रस्त्यावरच्या अपघातात वर्षाला दीड लाखाच्या वर माणसं जातात या देशात. त्यातल्या सगळ्यांचं अवयवदान होऊ शकत नाही हे कळतं मला, पण आयसीयूत ब्रेन डेड झालेल्यांच्या घरी नीट बसून विचारलं गेलं तर आमच्या सोसायटीतल्या त्या काकूंना नवऱ्याला स्वतःची किडनी द्यावी लागली नसती, ती यादीतून आली असती.

घेणारे कोण, हे आम्हाला सांगितलं नाही, तसा नियमच आहे, दोन्हीकडची नावं गुप्त ठेवतात. दाजींची आई अजून विचारते. मॅडमनी काही महिन्यांनी फोन करून एवढं सांगितलं की दोन्ही किडन्या चालू आहेत आणि लिव्हरवाला पेशंट घरी गेला. तो फोन करणं त्यांच्या ड्युटीत होतं की नाही माहीत नाही, केला.

तर मार्क. कोऑर्डिनेटर 5 पैकी 5, अजून असते तर अजून दिले असते. आयसीयू नर्सिंग 4. पहिली बातमी ज्या पद्धतीने दिली त्याला 1, तोही त्या मुलाला कोणी शिकवलंच नव्हतं म्हणून. बसायची सोय 1. बिलिंग 1. हॉस्पिटलमधल्या कोणी हे वाचलं तर तीन गोष्टी करा, लिफ्टजवळची ती स्टोअरची खोली रिकामी करून नातेवाइकांना द्या, फॉर्म 8 ची मराठी प्रत आणि त्वचादानाचं पत्रक मॅडमच्या फाइलमध्ये ठेवा, आणि सहीची वेळ टाकली की पुढचे चार्ज बंद होतील असं तुमच्या सिस्टीममध्ये करा. बिलाची लेखी तक्रार भावाने दिलेली आहे, पोच आमच्याकडे आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन आणि बिलिंगचा मार्क बदलायचा असेल तर बदलीन.